श्री. दरकरार यांस खुले पत्र

मा. श्री. दरकरार,
मुक्काम : सरकारी खरेदीची फाईल



आम्ही विलेपार्ल्याचे करदाते. कोथिंबिरीच्या जुडीसाठीही घासाघीस करणारी आम्ही माणसे, त्यामुळे आपल्याविषयी आदर अंमळ जास्तच. आपण एकदाच भाव बांधून घेता आणि मग मुदत संपेपर्यंत कार्यालयांनी नुसते मागणीपत्र धाडायचे. ना जाहिरात, ना लिफाफे उघडण्याचा सोहळा!

आपला वेग महाराष्ट्राने २०१५ साली पाहिला. १३ फेब्रुवारीला महिला व बालविकास खात्याने एका दिवसात २४ शासन निर्णय काढून २०६ कोटींच्या खरेदीला वाट करून दिली. चिक्की आली, चटया आल्या, ताटल्या आल्या. तीन लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा हवी असा दंडक होता. पण आपण हजर असताना निविदेला कोण विचारतो? पुढे खात्याच्या तत्कालीन मंत्र्यांवर गैरव्यवहाराचे आरोप झाले, त्यांना लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडून क्लीन चिटही मिळाली. सरकारी काम संथ असते म्हणणाऱ्यांची तोंडे मात्र आपण कायमची बंद केलीत.

आता घरचे बोलू. पार्ले पश्चिमेला मुंबई महापालिकेचे कूपर रुग्णालय आहे. पालिकेच्या रुग्णालयांसाठी औषधांचे दर आपल्याच मार्फत ठरतात. पण आपली मुदत संपते आणि नवी निविदा अजून टेबलावरच असते, तेव्हा आपले धाकटे बंधू 'स्थानिक खरेदी' धावून येतात. तीच सलाईनची बाटली, तोच आयव्ही सेट. फक्त थोडा थोडा आणि चढ्या भावाने. बंधूही दमले की नातेवाइकाच्या हाती चिठ्ठी : 'बाहेरून आणा.' ही चिठ्ठी बंद व्हावी म्हणून पालिकेने 'झिरो प्रिस्क्रिप्शन' धोरण जाहीर केले. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये पुरवठादारांनीच सुमारे १२० कोटींची बिले थकल्याचे सांगून पुरवठा थांबवण्याचा इशारा दिला. भाव पाडून घेण्यात आपण वाकबगार, पण बिल वेळेवर चुकते करणे आपल्या अखत्यारीत येत नाही, हे आम्हांला तेव्हा कळले.

युरोपीय संघातल्या आपल्या भावंडांना असली मोकळीक नाही. २०१४ च्या निर्देशानुसार अपवाद वगळता त्यांची मुदत चार वर्षांपलीकडे जात नाही. अनेक पुरवठादारांना एकत्र बांधले आणि सगळ्या अटी आधी ठरल्या नसल्या, तर प्रत्यक्ष मागणीच्या वेळी त्यांच्यात पुन्हा स्पर्धा लावतात. दिल्लीत तर आपले माहेरघर, पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय, २०१७ मध्ये बंदच झाले आणि खरेदी 'जेम' या सरकारी ई-बाजाराच्या पोर्टलवर गेली.

आपल्याला कोणी जाब विचारत नाही, कारण तो कोणत्या कलमाखाली विचारायचा हेच ठरलेले नाही. तमिळनाडूने १९९८ मध्ये आणि कर्नाटकाने १९९९ मध्ये खरेदीतील पारदर्शकतेचे कायदे केले. केंद्राचे सार्वजनिक खरेदी विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत आले आणि २०१४ मध्ये त्या लोकसभेबरोबरच बारगळले. महाराष्ट्रात वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणापुरता २०२३ चा कायदा आहे. बाकीची खाती १ डिसेंबर २०१६ च्या नियमपुस्तिकेवर चालतात. ही पुस्तिका एका शासन निर्णयाने आली, दुसऱ्याने बदलते.

म्हणून दोष आम्ही आपल्याला देत नाही. हजार कार्यालयांनी हजार निविदा काढण्यापेक्षा आपण केव्हाही बरे. फक्त आपल्याला कोणी वाली नाही.

तेव्हा आपल्या मार्फत विधिमंडळाला विनंती : खरेदीचा सर्वसमावेशक कायदा करा. प्रत्येक दरकराराचा दर, झालेली खरेदी आणि संपण्याची तारीख जाहीर करा. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नवी निविदा काढणे सक्तीचे करा आणि बिल थकले तर व्याज लावा. एवढे झाले की आपल्याला पत्र लिहायचे आम्हांला कारण उरणार नाही.

आपला,
एक पार्लेकर करदाता