दगडफूल व्हाया घाटकोपर

बोरिवलीहून मुलुंडला सरळ जायची सोय फक्त बिबट्याला आहे. मधे सुमारे 104 चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आडवं पसरलंय. माणसाने आधी खाली अंधेरीला उतरायचं, तिथून मेट्रोने घाटकोपर गाठायचं आणि मग पुन्हा वर मुलुंडला चढायचं. डोंगराखालून बोगदे काढायचं काम चालू आहे म्हणतात. पण भाचीची फेरी त्याआधी होती.

भाची बी.एस्सी.ला. विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा 'आविष्कार' हा महोत्सव 2006 पासून राज्यातल्या विद्यापीठांत भरतो; त्याच्या प्राथमिक फेरीत तिला पोस्टर मांडायचं होतं. मी बी.कॉम. घरात या पदवीचा अर्थ 'मामा रिकामाच आहे' असा घेतात. त्यामुळे एक मीटर लांबीच्या पोस्टरची गुंडाळी वाहण्याच्या पदावर माझी बिनविरोध निवड झाली.

विषय होता दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं, त्याचे भाऊबंद झाडांच्या खोडांवर राखाडी-हिरव्या खपल्यांसारखे वाढतात. बुरशी जागा देते, शैवाल अन्न बनवतं. 1932 च्या भागीदारी कायद्याखाली नोंदवावी अशी ही पेढी. पण हवा बिघडली की हिचं दिवाळं निघतं. पॅरिस शहरातून ही मंडळी नाहीशी होताहेत आणि एका बागेत तेवढी टिकून आहेत, हे नायलँडर नावाच्या फिनिश शास्त्रज्ञाने 1866 मध्येच नोंदवलं होतं. भाचीने तेच बोरिवली ते अंधेरी केलं: खोडाला चौकोनांची जाळी बांधायची आणि खपल्या किती चौकोनांत आहेत ते मोजायचं. जाळीचं दुसरं टोक कोण धरत होतं, हे सांगायला नको. हायवेच्या कडेला झाडाला मिठी मारून उभ्या असलेल्या पोक्त माणसाकडे लोक फार सहानुभूतीने बघतात.

पोस्टर छापणारा फ्लेक्सवाला एरवी 'दादांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा'मध्ये रमलेला. त्याने फाईल उघडली, खोडाचा फोटो मोठा केला आणि म्हणाला, "मॅडम, डाग आलेत. साफ करून देऊ? एक्स्ट्रा चार्ज नाही." सहा महिन्यांचं संशोधन त्याच्या माऊसच्या टोकावर लटकत होतं. भाची किंचाळली तेव्हा त्याने हात आवरला. मग खाली शुभेच्छुक म्हणून कोणाकोणाचे फोटो टाकायचे, ते विचारलं.

आता लोकल. डिसेंबरातली सकाळ, आठचा सुमार. भाची लॅपटॉप घेऊन लेडीजमध्ये चढली, मी गुंडाळी घेऊन जनरलमध्ये. गाडीत उभी वस्तू दिसली की आपले लोक तिला धरतात. कांदिवली जाईपर्यंत माझ्या गुंडाळीला तीन हात लागले होते आणि त्यांतला एक झोपला होता. "काय आहे, काका?" "संशोधन." "कशावर?" "दगडफूल." एकाने लगेच आपल्या बायकोच्या मसाल्याचं प्रमाण सांगितलं, दुसऱ्याने ते खोडून काढलं. वादात दालचिनी आली, मालाड गेलं. गोरेगावला पाठीवर सॅक घेतलेला एक धट्टाकट्टा तरुण आत शिरला आणि 'अंदर चलो'च्या लाटेसह गुंडाळीवर रेलला. 'कड्' असा आवाज झाला. आतली पुठ्ठ्याची नळी गेली. मी त्याला जे बोललो ते विद्यापीठाच्या कुठल्याच विद्याशाखेत बसणार नाही. तो 'सॉरी अंकल' म्हणाला आणि सॅक पाठीवरच ठेवून पुढे सरकला.

मेट्रो सुरू झाली 8 जून 2014 ला. अंतर साडेअकरा किलोमीटरच्या आतलं. त्याआधी याच वाटेवर 340 नंबरच्या बसमध्ये बसून माणूस प्रबंध लिहून उतरला असता. सुरक्षा रक्षकाने गुंडाळी ठोकून पाहिली आणि "ये तो टूटा हुआ है" असा शेरा मारून आत सोडली. असल्फाच्या टेकडीवरची रंगीत घरं दिसली. झालं स्थलदर्शन.

घाटकोपरहून मुलुंडची गाडी रिकामी. भाचीने फ्लेक्स मांडीवर उलगडला. मधोमध खोल चुरमडी पडली होती, नेमकी आलेखावर. मला वाटलं, आता रडणार. तिने तळव्याने दोनदा घासून पाहिलं आणि म्हणाली, "मामा, मी बोलते, तू ऐक. मराठीत बोलते. बी.कॉम.ला कळलं तर कुणालाही कळेल." विक्रोळी ते नाहूर ती बोलत राहिली. मला सगळं कळलं. अपमान वगैरे नंतर आठवला.

सभागृहात पांढऱ्या केसांमुळे मला सगळे 'सर' म्हणत होते. एका मुलाने केळीच्या सालीपासून प्लास्टिक कसं होतं ते समजावलं, मी गंभीरपणे 'व्याप्ती वाढवा' म्हणालो, त्याने लिहून घेतलं. मग भाचीसमोर खरे परीक्षक आले. आलेखावर बोट ठेवून विचारलं, "इथे एकदम खड्डा कशाने?"

"अंधेरी, सर."

"म्हणजे वाहनांचा धूर?"

"नाही सर, गर्दी. हा खड्डा आलेखात नाही, फ्लेक्सला आहे."

ते हसले आणि मग त्यांनी खरा प्रश्न टाकला: अंधेरीकडे खपल्या कमी आहेत, त्या धुरामुळे, धुळीमुळे, की तिथली झाडंच वेगळी आहेत म्हणून? भाची म्हणाली, "एवढ्या मोजणीवरून नाही सांगता येणार, सर. कुठे कमी आहेत एवढंच सांगता येतं." मला धस्स झालं, आमच्याकडे ताळेबंद जुळला नाही तर निदान 'किरकोळ खर्च' लिहितात. परीक्षकांनी मात्र मान डोलावली आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं.

निकाल काही लागो, तुम्हांला एकच विनंती. हिवाळ्यात पश्चिम रेल्वेच्या डब्यात कुणी लांब गुंडाळी उराशी धरून उभं दिसलं, तर पाठीवरची सॅक पुढे घ्या. आत दादांचा वाढदिवसच असेल असं नाही.