काका, फुंका!

आमच्या वाड्यात दारू पिऊन आलेल्या माणसाची चाचणी उंबरठ्यावरच व्हायची. आई किंवा बायको कडी काढायची, दारात आडवी उभी राहायची आणि एवढंच म्हणायची, "हा कर बघू." गड्याने वाटेत लवंग, वेलची, बडीशेप, मसाला पान असं सगळं चघळून तयारी केलेली असे, आणि तेच त्याला नडायचं. कारण जन्मात कधी जेवणानंतर बडीशेप न खाल्लेल्या मुलाच्या तोंडाला रात्री अकरा वाजता वेलचीचा घमघमाट आला, की त्या माउलीला आणखी पुरावा लागत नसे. या निकालावर अपील नव्हतं.

न्यायालयाला मात्र नाक पुरत नाही. महाराष्ट्रातल्याच एका मोटार अपघाताच्या खटल्यात 1971 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की तोंडाला वास येतोय, पाय लटपटतायत, बुबुळं विस्फारलीत एवढ्यावर माणूस दारूच्या अमलाखाली होता असं ठरत नाही; रक्त तपासायला हवं होतं. आमच्या वाड्यातल्या बायकांना हा निकाल कोणी वाचून दाखवला नाही हे बरं झालं. निम्मा वाडा सुटला असता.

हे सगळं आठवायला कारण घडलं ते मागच्या डिसेंबरात. सदाशिव पेठेत आत्याकडे जेवायला गेलो होतो. आत्या चौऱ्याऐंशीची. तिच्या हातची पुरणपोळी तिसरी खाल्ली की माणूस आडवा होतो आणि चौथी ती आग्रहाने वाढते. निघताना मी पोटावरून हात फिरवला, तो तिने पाहिला. झालं. फडताळातून द्राक्षासवाची बाटली निघाली. "चार चमचे घे. पाणी घालून घ्यायचं असतं, पण तुम्हाला सदा घाई. तसंच घे." घेतलं. पाच मिनिटांत पुलाच्या अलीकडे नाकाबंदी लागली.

"काका, गाडी बाजूला घ्या. यात फुंका. जोरात नको, लांब फुंका. अजून... अजून... अजून."

चुलीवर फुंकणी मारणाऱ्या पिढीतला मी. श्वास कमी पडला नाही. पोरसवदा शिपायाने यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा यंत्राकडे. आकडा 46 होता. कायद्याची मर्यादा 30 ची. शेजारच्या सीटवरून ही माझ्याकडे बघत होती. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने मला तसं एकदाच पाहिलं होतं, मी न विचारता सोफा विकत आणला तेव्हा.

"काय घेतलंय काका?"

"द्राक्षासव."

"द्राक्ष म्हणजे वाइनच की हो."

शास्त्रानुसार त्याचं फारसं चुकलं नव्हतं. आसव आणि अरिष्ट ही औषधं आंबवूनच करतात, आणि बाटलीच्या लेबलावर बारीक अक्षरांत 'स्वयंजनित अल्कोहोल' असं छापलेलंही असतं. ते वाचायला आत्याला चष्मा लागतो आणि चष्मा ती पोथीसाठी राखून ठेवते. पण तिथे एक वयस्कर हवालदार होते. त्यांनी दोन पावलं पुढे येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला (आमच्या वाड्यात शोभले असते) आणि म्हणाले, "हे आयुर्वेदिकवाले दिसतात. काका, चूळ भरा, पाणी प्या, पंधरा मिनिटं बसा. पुन्हा घेऊ." मी फुटपाथच्या कडेला बसलो. त्या पंधरा मिनिटांत आणि पुढच्या पंधरा दिवसांत मी या यंत्राचा जेवढा विचार केला, तेवढा कुठल्या दारूबाजाने केला नसेल.

मूळ यंत्र अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं. रोला हार्गर नावाच्या प्राध्यापकांनी ते केलं, नाव ठेवलं 'ड्रंकोमीटर'. माणसाने फुग्यात फुंकायचं, फुग्यातली हवा पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यातून सोडायची, रंग उडाला की समजायचं. इंडियानापोलिसच्या पोलिसांनी ते रस्त्यावर आणलं ती तारीख 31 डिसेंबर 1938. नाकाबंदीचा मुहूर्त तेव्हापासून बदललेला नाही. पुढे 1954 मध्ये त्याच राज्याच्या पोलिसांतल्या रॉबर्ट बोर्कन्स्टाइन यांनी 'ब्रेथलायझर' केलं. त्यात पिवळा द्रव हिरवा व्हायचा. ब्रिटनमध्ये ही चाचणी 1967 साली आली. ती आणणाऱ्या वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, यावरून त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना नवऱ्याला शेजारून गाडी शिकवणाऱ्या बायकांना असेल.

आता खरी गोम. कायदा विचारतो रक्ताबद्दल: मोटार वाहन कायद्याचं कलम 185 म्हणतं, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल नको. यंत्राला रक्त दिसत नाही, त्याला मिळतो फक्त श्वास. म्हणून ते गुणाकार करतं. फुफ्फुसाच्या तळातून आलेल्या 2100 मिलिलिटर श्वासात जेवढं अल्कोहोल, तेवढं 1 मिलिलिटर रक्तात आहे असं पुष्कळ ठिकाणी धरलेलं आहे. ब्रिटनच्या मर्यादांचा भागाकार केला तर तोच आकडा 2300 च्या आसपास निघतो. आणि तुमचा-माझा आकडा यातला कुठलाच नसेल. माणसागणिक तो बदलतो, अंगात ताप असला तर बदलतो, श्वास रोखून धरला तर रीडिंग वाढतं, भराभर श्वास घेतले तर उतरतं. शिंप्याने एकाच मापाने सगळ्या गावाचे सदरे शिवावेत तसं हे आहे. बहुतेकांना बसतात, काहींना काखेत काचतात.

आणि तळातला श्वास येण्याआधी तोंडातला येतो, ही माझी गोष्ट. घरी येऊन मी हिशोब मांडला. चार चमचे म्हणजे 20 मिलिलिटर, त्यात आठ टक्के धरलं तर अल्कोहोल दीड मिलिलिटरच्या आसपास, वजनात सव्वा ग्रॅम. माझ्या देहात पाणी सुमारे 40 लिटर. म्हणजे 100 मिलिलिटरमागे जेमतेम 3 मिलिग्रॅम. यंत्राने दाखवलेले 46 माझ्या रक्ताचे नव्हतेच. ते माझ्या जिभेचे, हिरड्यांचे आणि आत्याच्या प्रेमाचे होते. माउथवॉशने तेच होतं. म्हणून तर 2023 मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांना अल्कोहोलवाला माउथवॉश वापरायलाच मनाई केली. दहा-पंधरा मिनिटांत तोंडातलं विरून जातं, आणि मग यंत्र जे सांगतं ते ऐकण्यासारखं असतं.

पण माझ्या द्राक्षासवाची मिजास उतरवली ती केरळच्या फणसाने. जुलै 2025 मध्ये पंदळमच्या एसटी आगारात ड्यूटीवर निघालेले चालक एकामागून एक यंत्रात नापास होऊ लागले. सगळे शपथेवर सांगत होते, थेंबही घेतला नाही. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं, की कोणीतरी आणलेला पिकलेला फणस सगळ्यांनी मिळून खाल्लाय. मग यंत्रात शुद्ध ठरलेल्या एकाला गरे खायला दिले, पुन्हा फुंकायला लावलं, आणि तोही नापास! फार पिकलेल्या फळात साखर आंबते, त्याचा हा प्रताप. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. बरका फणस दुपारी खाऊन माणूस ओटीवर कसा पडतो हे त्याने पाहिलेलं असतं. फक्त आजवर त्याचं रीडिंग कोणी घेतलं नव्हतं.

यंत्रायंत्रांतही फरक असतो. स्वस्तातली खेळणी इतर वाफांनाही दारू समजतात. प्लॅटिनमच्या पट्ट्यांचा फ्युएल सेल असलेली यंत्रं बरीच नेमकी असतात, पण तीही वेळोवेळी तपासून, जुळवून घ्यावी लागतात. आमच्या मंडईतल्या भाजीवालीच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का नसेल तर तिला दंड होतो; तिथे प्रश्न फार तर शंभर ग्रॅम भेंडीचा असतो. इथे पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. या यंत्रांचीही ठरावीक मुदतीने पडताळणी व्हावी असा नियमांचा मसुदा केंद्र सरकारने 2025 मध्ये काढला, तो मला आधीच का सुचला नव्हता याचं वाईट वाटतं.

हे वाचून काही मंडळींनी खुशीत ग्लास उचलला असेल, तर तो खाली ठेवावा. 2100 चा गुणाकार बहुतेकांच्या बाबतीत रक्तातलं प्रमाण थोडं कमीच दाखवतो, म्हणजे यंत्राची चूक पिणाऱ्याच्या पदरात पडते. लवंग-वेलचीने ते फसत नाही. त्याला वासाशी घेणंच नाही. आणि माझा अनुभव असा, की यंत्राच्या अचूकतेवर सगळ्यात तळमळीने बोलणाऱ्या माणसाला उभं राहायला भिंत लागते. ज्याने खरंच घेतलेली नाही, त्याने मात्र संकोच न करता पंधरा मिनिटं मागावीत, दुसरं रीडिंग मागावं, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर रक्त तपासा म्हणावं. कायद्यात त्याची सोय आहे.

माझी पंधरा मिनिटं संपली. शिपाई नवी नळी लावून आला. "काका, फुंका." फुंकलं. आकडा 2. हवालदारांनी हसून हात कपाळाला लावला आणि हिला म्हणाले, "वहिनी, औषध घरी पोचल्यावर देत जा." ही म्हणाली, "आत्यांना सांगा की."

कोणी सांगितलेलं नाही. हल्ली आत्याकडे जेवायला जायचं असलं की आम्ही रिक्षाने जातो.