तीन इंचांची दहशत

चाकूवेड्यांची मैफल म्हटली की सभ्य माणूस दचकतो. पण इंग्लंडमधल्या खिशातल्या चाकूंच्या शौकिनांच्या गप्पा पोलादावरून सुरू होतात आणि बघता बघता नातवंडांवर, गुडघेदुखीवर येऊन टेकतात. ‘तरी हत्यारच ना ते!’ असा आक्षेप येईल. पण सबळ कारण नसेल तर तिथला कायदा फक्त घडीचं, उघडल्यावर अडकून न बसणारं, 3 इंचांपर्यंतचं पातंच खिशात बाळगू देतो. त्याची धास्ती सफरचंदानं आणि पार्सलच्या दोरीनं घ्यावी. मग एकेकाकडे खणभर चाकू कशाला? पुढच्या पिढीसाठी म्हणे. पिढीला अर्थातच कुणी विचारलेलं नसतं. शिवाय भेट दिलेला चाकू मैत्री कापतो, म्हणून घेणाऱ्यानं बदल्यात एक नाणं द्यायचं, ही जुनी रीत. धारेवर इतका विश्वास चाकू घडवणाऱ्या शेफील्डच्या कारागिरांनीही ठेवला नसेल.