कोब्याचा जाणकार

मीरा रोडला घर बघायला गेलं की आई ओटा बघते, बाबा स्टेशन किती मिनिटांवर ते विचारतात (एजंट छातीठोकपणे "पाच" सांगतो; ती पाच मिनिटं कोणत्या वाहनाची, ते ताबा मिळाल्यावर कळतं) आणि चिरंजीव चप्पल काढून स्टिल्ट पार्किंगच्या कोब्यावरून तळवा फिरवत उभे असतात. वय सोळा. कोपराला कायम खपली. हेल्मेट आईसमोर डोक्यावर, जिन्याच्या वळणावर पिशवीत. डावा बूट करंगळीपाशी फाटलेला. स्केटबोर्डवर ऑली, म्हणजे बोर्डसकट उडी, मारताना पुढचा पाय ग्रिप टेपवर घासत वर न्यावा लागतो आणि ती टेप म्हणजे निव्वळ पॉलिशपेपर. आईला हे शास्त्र पटत नाही. "मग दुसरा पाय काय भाड्याचा आहे?"

शहर त्याला फरशीनुसार पाठ आहे. बँकेच्या पायऱ्या ग्रॅनाइटच्या, झकास, पण रखवालदार जागा. जेसल पार्कच्या चौपाटीवर संध्याकाळी ज्येष्ठांची रांग, म्हणून पहाटे गाठायची. गोल्डन नेस्टला रिक्षा. आणि उरलेलं सगळं पेव्हर ब्लॉक! त्याचा जन्मजात वैरी. चाक जेमतेम ५२ मिलिमीटरचं. फटीत खडा आला की बोर्ड जागीच थांबतो आणि हा एकटाच पुढे जातो.

वॉचमन त्याला नावानं नव्हे, चहाच्या वेळेनं माहीत असतात. सोसायटीत पाटी होती : 'क्रिकेट, स्केटिंग व कुत्रे यांस मनाई.' यानं सेक्रेटरींना नम्रपणे समजावलं, "काका, हे स्केटिंग नाही. स्केटबोर्डिंग." सेक्रेटरी काटेकोर माणूस. दुसऱ्या दिवशी पाटीवर वेगळ्या रंगात भर पडली : 'तसेच स्केटबोर्डिंग.'

पुराव्यांचा साठा मात्र त्याच्याकडे भरपूर. २०२१ मध्ये टोकियोला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला आणि जपानच्या मोमिजी निशियानं तेराव्या वर्षी सुवर्णपदक नेलं. पुढच्याच वर्षी गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं सुवर्ण मिळवलं. तिचे वडील सुरक्षारक्षक. हा शेवटचा मुद्दा त्यानं खास वॉचमनसाठी राखून ठेवलेला. वॉचमन गहिवरला. मोबाइलवर तिचा व्हिडिओ त्यानं दोनदा बघितला, गावी मुलीला पाठव म्हणाला. मग खुर्चीतून उठत : "बहुत बढ़िया. अब निकलो, सेक्रेटरी साब आ रहे हैं."

राहता राहिली एकच हक्काची जागा : काम पुरं होऊन उद्घाटनासाठी अडवून ठेवलेला काँक्रीटचा रस्ता. ओल्या काँक्रीटवर झाडू ओढून पाडलेल्या रेघांनी चाकं घरघरतात, दाढा हलतात, पण गाडी नाही, म्हैस नाही, काका नाहीत. टोकाला पिंपं आणि दोरी. ती लोकांना अडवायला, त्याला उडी मारायला. मंत्र्यांची तारीख मिळेना म्हणून अख्खं शहर बाजूच्या खड्ड्यांतून चरफडत जातं आणि इतक्या वस्तीत हा एकटाच सरकारवर खूश. परवा पेपरात तारीख जाहीर झाली. जेवताना हा गप्प. शेवटी भात कालवता कालवता त्यानं विचारलं, "बाबा, मंत्र्यांचा दौरा रद्द करायचा अर्ज वॉर्ड ऑफिसात देतात की मंत्रालयात?"