टनेलकर

शेटलंडमध्ये झाडं बघायची असली तर गाडी काढून कर्गर्डला जावं लागतं. बाकी बेटांवर गवत, मेंढ्या, दगडी कुंपणं आणि वारा. कुठेही उभे राहा, समुद्र पाच किलोमीटरच्या आत. त्यामुळे वारा येतो तोही खारट होऊन. कचऱ्याचा डबा दोरीने बांधायचा, गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. भर जुलै-ऑगस्टात दुपारचा पारा १४-१५ अंशांवर गेला की लोक उकडतंय म्हणून कुरकुरतात. ६०व्या अक्षांशावरच्या अशा जागी शहाण्या माणसाने बटाटे, केल आणि सलगम लावावेत आणि देवाचे आभार मानावेत. टनेलकर कोर्जेट लावतात. आपल्या मंडईत जिला झुकिनी म्हणतात, ती.

टनेलकर हे कोणाचं आडनाव नव्हे. नवऱ्याच्या नोकरीपायी लर्विकला बिऱ्हाड थाटल्यावर आसपासच्या एका जमातीला मी मनातल्या मनात दिलेलं हे नाव. वय साठीच्या पुढे, जन्म गेला बोटीवर नाहीतर तेलाच्या टर्मिनलवर, आता पेन्शन. अंगात कोपरावर विरलेला लोकरीचा स्वेटर, खिशात सुतळी. सुतळीवाचून टनेलकर नाही. आणि मुख्य खूण म्हणजे बोलताना ते तुमच्याकडे बघत नाहीत. तुमच्या खांद्यावरून नैऋत्येकडे बघतात.

प्रत्येक टनेलकराच्या पूर्वायुष्यात भाज्या वाढवायला उभारलेला एक प्लॅस्टिकचा टनेल होऊन गेलेला असतो. पहिल्या हिवाळ्यात त्याचा कागद फाटतो, दुसऱ्यात सांगाडा वाकतो, तिसऱ्यात सगळंच नॉर्वेच्या दिशेने प्रयाण करतं. ही हकिकत सांगताना आवाजात दुःख नसतं, मानच असतो. “माझा गेला तेव्हा वारा १० नंबरी होता,” असं एकाने म्हणावं, की दुसऱ्याचा ११ नंबरीत गेलेला असतो. ८ नंबरीत टनेल गमावलेला माणूस या बैठकीत तोंडच उघडत नाही.

अखेर उत्तरेकडच्या नॉर्थमेव्हिनच्या मंडळींनी यावर तोड काढली. सामन माशांच्या समुद्रातल्या शेतीचे टाकून दिलेले जाड पाइप वाकवून कमानी करायच्या आणि वर पॉलीकार्बोनेटचे पत्रे ठोकायचे. नाव पॉलीक्रब, टनेलकरांच्या तोंडी मात्र टनेलच. पूर्वी केलची रोपं जगवायला इथले शेतकरी माळावर दगडांचे छोटे आडोसे रचत, त्यांना प्लँटीक्रब म्हणत. नाव तिथूनच आलं. आज्याने दगड रचून जी केल वाचवली ती नातवाला मिळमिळीत लागते. त्याला अमेरिका खंडात जन्मलेली आणि इटलीत वळण लागलेली, थंडीचं नाव काढताच मान टाकणारी भाजी हवी.

आता, चार माणसांच्या घराला कोर्जेटची दोन रोपं रग्गड होतात. टनेलकरांना हे ठाऊक असतं. पण वाऱ्याच्या गावचा हिशेब वेगळा. एप्रिलअखेर स्वयंपाकघराच्या खिडकीत ते बारा कुंड्या मांडतात. बी चपटं असतं, आडवं पडलं तर पाणी साचून कुजतं, म्हणून एकेक बी कडेवर उभं खोचतात आणि खोचताना मोजतात. दोन थंडीने जाणार. दोन गोगलगायींना. दोन, बायको घाईत दार उघडं टाकेल त्याला. दोन बुरशीला. दोन कशाला ते अजून ठरलेलं नाही, पण काहीतरी होणारच. राहिली दोन, म्हणजे गरजेपुरती.

आणि इतकी जपणूक केल्यावर एकही रोप मरत नाही. आता जगलेलं रोप उपटून फेकायचं कसं? ते तर वाऱ्याचं काम झालं. बाराच्या बारा टनेलमध्ये जातात.

पुढे टनेलकर सुखाने झोपत नाहीत. रेडिओवर पहाटे जहाजांसाठीचं हवामान सांगतात. त्यात ‘फेअर आयल’ हे आपल्या भागाचं नाव आलं की घरात चमचासुद्धा वाजवायचा नाही. वारा नसेल तर ऊन असतं, आणि ऊन पडलं की टनेल तापतो. दार उघडलं तर वारा पानं फाडतो, बंद ठेवलं तर दमट हवेत करडी बुरशी धरते. मग दार चार बोटं उघडून सुतळीने बांधायचं. टनेलकर घरी येऊन चहाचा घोट घेतात, उठतात आणि ते तीन बोटांवर आणून येतात. वाऱ्याचं एकच देणं ते मान्य करतात: हिवाळी वादळांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं समुद्री शेवाळ. ते गाड्या भरभरून आणायचं आणि वाफ्यांत घालायचं. शत्रूकडून वसूल केलेली खंडणी म्हणतात त्याला.

त्यांचं खरं रूप बघायचं तर जुलैतल्या सकाळी. कोर्जेटला नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. एरवी मधमाश्या नाहीतर भुंगे हे कार्य उरकतात, पण गार वाऱ्याच्या सकाळी आडोशातल्या टनेलपर्यंत यायला त्यांना उत्साह नसतो. मग टनेलकर स्वतःच मध्यस्थी पत्करतात. कधीकधी आठवडाभर मुलगेच मुलगे: काटकुळ्या देठावर ताठ उभे, पिवळे फेटे बांधून, आणि मुलगी एकही नाही. आली की ओळखायला वेळ लागत नाही, फुलामागे बोटभर कोर्जेट घेऊनच ती येते. मुहूर्त सकाळचाच, दुपारपर्यंत फुलं मिटतात. टनेलकर गुडघ्यांवर बसतात, एक नवरदेव खुडतात, त्याचा फेटा सोलून काढतात आणि आतला परागांचा दांडा नवरीच्या मुखाशी हलकेच फिरवतात. जमलं तर बोटभराचं वीतभर होतं. फिसकटलं तर टोकाकडून पिवळं पडून कुजतं, आणि त्या दिवशी त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही.

“पार्थेनॉन, कॅव्हिली अशा जाती मिळतात ना?” मी एकदा म्हटलं. “त्यांना परागीकरण लागतच नाही म्हणे.”

“मिळतात,” टनेलकर कोरडेपणाने म्हणाले. “मग मी काय करू?”

जुलैच्या शेवटी जमायला लागतं. आणि एकदा जमलं की थांबत नाही. इथे जूनमध्ये सूर्य १९ तास वर असतो आणि जुलैअखेरही दिवस भला मोठाच. त्या उजेडात एकेक झुडूप आठवड्याला तीन-चार कोर्जेटं सहज देतं. गुणिले बारा. आठवडाभर सूप. पुढचा आठवडा सूप आणि केक. त्यानंतर चटण्यांच्या बरण्या, त्यावर तारीख घातलेल्या चिठ्ठ्या, आणि त्यांच्या मागे गेल्या वर्षीच्या बरण्या. पोस्टमन आपली गाडी हल्ली दारापासून लांब उभी करतो. पानाआड राहून गेलेलं एखादं कोर्जेट पंधरवड्यात बाळसं धरून हाताच्या लांबीचं होतं. टनेलकर ते कडेवर घेऊन ऑगस्टात वॉल्सच्या शेतकी प्रदर्शनाला नेतात आणि हे मुद्दाम वाढवलंय म्हणून सांगतात.

“अॅबर्डीनची बोट दोन दिवस आली नाही तर दुकानात काय मिळतं बघा,” हा त्यांचा हुकमाचा एक्का. बोट बंद पडते ती बहुतेक हिवाळ्यात, तेव्हा टनेलमध्ये चिटपाखरू नसतं. पण मुद्दा तत्त्वाचा असतो.

आमचं मराठी बिऱ्हाड ही त्यांना नवी बाजारपेठ वाटली. “तुमच्याकडे असल्या भाज्या खातात म्हणे,” असं म्हणत ते दारात उभे. “हे थोडंसंच आहे.” थोडंसं उचलायला त्यांना दोन्ही हात लागले होते. मी कोर्जेट किसलं, मीठ लावून पिळलं, भाजणीत कालवलं, वर तीळ आणि कोथिंबीर, आणि थालीपीठ लावलं. टनेलकरांनी तीन खाल्ली. “यात त्याची चवच लागत नाही,” ते कृतज्ञतेने म्हणाले. मग डोळ्यांत एकदम आशा चमकली. “एकात किती जातं?”

“मूठभर.”

“मूठभरच?” त्यांचा चेहरा पडला.

तेव्हा टनेलकरीणबाईंनी हळूच फोड केली. यांना कोर्जेट कधीच आवडलं नाही; ताटात बटाटाच लागतो. मी चकित होऊन टनेलकरांकडे बघितलं. ते जराही ओशाळले नाहीत. “आवडायचा काय संबंध?” ते म्हणाले. “इथे येत नाही म्हणत होते सगळे.”

ऑक्टोबरात झुडपांवर पांढरी भुरी पडते, झुडपं उपटून कंपोस्टात जातात, आणि टनेलकर जेवणाच्या टेबलाशी गंभीरपणे जाहीर करतात, “पुढच्या वर्षी दोनच.”

टनेलकरीणबाई विणकामावरून मान वर करत नाहीत. “दोन म्हणजे किती?”

टनेलकर बोटं मोजतात. “आठ. फार तर दहा.”