पाहिजेत : कानाने अधू वकील

क्युबातल्या ग्वांतानामो येथील अमेरिकी नाविक तळावर दहशतवादाचे खटले चालवण्यासाठी गणवेशातले सरकारी वकील त्वरित पाहिजेत. समुद्र हाकेच्या अंतरावर. निकालाची घाई नाही. अटी पुढीलप्रमाणे.

एक, ऐकू कमी यावे. लेफ्टनंट कर्नल स्टुअर्ट काउच यांचे कान तिखट निघाले. २००३ मध्ये तळावर असताना कर्कश संगीत कानी आले म्हणून ते डोकावले, तर लुकलुकत्या दिव्यांत साखळदंडाने जखडलेला कैदी! परवानगीनेच चाललेय, असे उत्तर मिळाले.

दोन, चर्चमध्ये गेल्यास प्रार्थना नुसती पुटपुटावी. काउच एका बाप्तिस्म्याला गेले आणि प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा जपण्याची शपथ मनावर घेऊन बसले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कच्या दुसऱ्या मनोऱ्यावर आदळलेल्या विमानाचा सहवैमानिक त्यांचा मित्र. त्याचा हिशेब चुकता करायलाच ते आले होते. तरी २००४ मध्ये तळावरचा कैदी मोहमदू स्लाही याच्यावर खटला चालवायला त्यांनी नकार दिला. कारण काय, तर जबाब छळ करून घेतला होता. तुझ्या आईलाही इथे आणू, अशी धमकी दिली होती. एवढ्यावरून कोणी अडून बसते का?

तीन, गणित कच्चे असावे. मोहम्मद जवाद या कोवळ्या पोराची कोठडी, झोप लागू नये म्हणून, १४ दिवसांत ११२ वेळा बदलली. म्हणजे रोज आठदा. योजनेला नाव दिले विमान कंपन्यांच्या नेहमीच्या प्रवाशांचे! त्याच्या खटल्यातले वकील डॅरेल व्हँडेवेल्ड यांचे मन २००८ मध्ये या प्रवासाला विटले, आणि ते बाहेर पडले. पुढच्या वर्षी जवादही सुटला.

चार, वरून आलेला शब्द झेलावा. मुख्य सरकारी वकील कर्नल मॉरिस डेव्हिस यांना तो झेलवला नाही. छळातून आलेला पुरावाही नको म्हणाले. २००७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

थोडक्यात, सदसद्विवेकबुद्धी असल्यास ती घरी ठेवून यावे.

अर्जाला अंतिम तारीख नाही. ११ सप्टेंबरच्या आरोपींना २०१२ मध्ये आरोप वाचून दाखवले. मुख्य सुनावणी अजून सुरू व्हायचीच आहे. छळाने कबुली मिळाली आणि त्या कबुलीनेच खटला अडवला. जवळपास तीन हजार मृतांचे नातेवाईक निकालाची वाट पाहत आहेत.