काकड्यापुरता ठेका

प्रौढ वयात वाद्य शिकण्याची हौस आमच्या धाराशिव जिल्ह्यात बहुधा फंडाचे पैसे हातात पडल्यावर उफाळून येते. पेटी घरी येते, तिला हळदकुंकू वाहिलं जातं, नारळ फुटतो आणि काळी एक कुठली हे कळायच्या आतच घोषणा होते : सहा महिन्यांत अभंगाची साथ, दोन वर्षांत विशारद. पुढच्या दिवाळीला पेटीवर इस्त्रीचे कपडे ठेवलेले दिसतात. यात आळसाचा दोष असतो तितकाच मापाचाही असतो, असं माझं मत आहे. संगीतातली प्रगती मोठ्या माणसाने वर्षांत किंवा तासांत मोजूच नये, प्रसंगात मोजावी. कोणत्या दिवशी, कोणत्या देवळात, कुणाच्या मागे, कोणती एकच गोष्ट वाजवायची, एवढं ठरवावं आणि तेवढ्यासाठीच हात बसवावा.

आधी प्रचलित मापांचा हिशोब करू. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आहेत. शाळकरी पोराला सात वर्षं म्हणजे पाचवी ते अकरावी, आणि तेवढ्या काळात त्याला दुसरं विशेष काम नसतं. पन्नाशीच्या माणसाला त्याच सात वर्षांत दोन लग्नं उरकायची असतात, एक बांधकाम पुरं करायचं असतं आणि गुडघ्यांकडे बघायचं असतं. तासांचं माप तर याहून भयंकर. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 1993 साली अभ्यास मांडला. त्यातल्या सर्वांत चांगल्या वादकांचा विशीपर्यंतचा सराव सरासरी दहा हजार तासांच्या घरात भरला. माल्कम ग्लॅडवेल यांनी 2008 साली हा आकडा पुस्तकातून जगभर नेला आणि तेव्हापासून तो हौशी लोकांच्या मानगुटीवर बसला आहे. रोज अर्धा तास बसणाऱ्याचे वर्षाला सुमारे 182 तास होतात. म्हणजे पन्नाशीत पेटी घेणाऱ्याचे दहा हजार तास एकशे पाचाव्या वर्षी भरतील. तोवर साथ करायची कुणाची, हा प्रश्न उरतोच.

प्रौढाची खरी अडचण वेगळीच असते. त्याचा कान चाळीस वर्षं अभंग ऐकून तयार झालेला असतो आणि बोटं मात्र बालवाडीत असतात. त्यामुळे स्वतःची परीक्षा त्याला घेता येत नाही. एके दिवशी कान बोटांना नापास करतो, तर दुसऱ्या दिवशी बायको दोन दिवस माहेरी गेलेली असते म्हणून सगळं सुरेल वाटतं. परीक्षक बाहेरचाच हवा, आणि या बाबतीत आपल्या जिल्ह्याची परंपरा मोठी आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींची डोकी थापटण्याने ठोकून कोण कच्चं ते सांगितल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेव कच्चे निघाले. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की काकांनी टक्केवारी दिली नाही की पक्कं व्हायला किती वर्षं लागतील तेही सांगितलं नाही. आज कच्चं आहे, एवढाच निकाल. नामदेवांना राग आला आणि पुढे ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. निकाल एका टकोऱ्याचा आणि पुढचं पाऊल एकच. भजनी मंडळातला जुना टाळकरी हेच काम थापटण्याशिवाय, नुसत्या नजरेने करतो.

आता प्रसंग कुठले, तर पंचांग त्यांनी भरलेलं आहे. माझी शिफारस काकड्याची. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर गावोगाव पहाटे काकडा चालतो. थंडी असते, श्रोते मोजके असतात, आणि जे असतात त्यांच्यातही टीका करण्याइतकं जागं कुणी नसतं. पखवाज धरणाऱ्याने आठ मात्रांचा भजनी ठेका लय न पळवता एका अभंगभर धरावा, पेटीवाल्याने एकच चाल एकाच पट्टीत वाजवावी. महिनाभर रोज थोडं थोडं वाजवल्याने जे बसतं, ते रविवारी चार तास घाम गाळून बसत नाही. थोड्या थोड्या सरावाचा हा फायदा मानसशास्त्राने शंभराहून अधिक वर्षं पुन्हापुन्हा तपासलेला आहे. खंडही आधीच हिशोबात धरावा. तुळजापूरची भवानीसुद्धा वर्षातून तीनदा निद्रेला जाते, दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा तर थेट कोजागिरीपर्यंत चालते. महिषासुराला मारणारी जिथे रजा घेते, तिथे सोयाबीनच्या काढणीत पेटी उघडली नाही म्हणून कुणी स्वतःला कोसू नये.

यावर आक्षेप येईल की हे तर ध्येय खुजं करणं झालं. पण एक ठेका अभंगभर सांभाळणं खुजं आहे असं ज्याला वाटतं, त्याने तो अजून धरलेला नसतो; तिसऱ्या कडव्यात टाळ चढले की ते समजतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : परीक्षेने शिस्त लागते, रागांची ओळख होते, आणि एकाच ठेक्यावर माणूस जन्मभर अडकत नाही. हे मला मान्य आहे. परीक्षा जरूर द्यावी, फक्त ती मागून यावी. दोन-तीन काकडे पार पडले, हरिपाठाला मंडळींनी आपणहून बोलावलं, की प्रारंभिकचा फॉर्म भरायला हरकत नाही. तेव्हा परीक्षेच्या हॉलमध्ये नऊ वर्षांच्या मुलीच्या शेजारी बसायचं धैर्यही आलेलं असतं, आणि ते फार लागतं, कारण तिचं बहुतेक आपल्यापेक्षा चांगलं होणार असतं. तिसरा आक्षेप शेजाऱ्यांचा. त्यांच्या बाजूने एक भक्कम दाखला आहे : आकाशवाणीनेच 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला दार बंद ठेवलं होतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. रियाज दुपारी करावा, तेव्हा निम्मा गाव शेतात असतो.